न उघडलेलं दार

त्या राज्यात कुणी मरत नसे. ज्याला कुणी उघडत नसे, त्याला फक्त झाडून टाकत.

तिथलं आकाश काचेचं होतं. ते उजळलं की सगळे कामाला लागत, विझलं की जिथल्या तिथे थांबत. म्हणून तिथे दिवस कुणी मोजत नसे, उजेड मोजत. गल्ल्यांतून दारंच दारं होती, आणि दारांमागे कुठे चित्रं राहत, कुठे पत्रं, कुठे गाणी. प्रत्येक दारावर एक पाटी, तिच्यावर एवढंच लिहिलेलं: नाव, आणि शेवटचं कधी उघडलं. आकाशातून एक हात उतरे आणि तो दारं उघडी. ज्याचं दार कालच्या उजेडात उघडलं, तो गल्लीतून काय मिरवायचा म्हणता! ज्याचं पाचशे उजेडांत उघडलं नाही, तो बिचारा भिंतीला चिकटून चाले. हजार उजेड झाले की सुपडी येई.

सुपडी ही त्या राज्याची झाडणारी बाई. वेशीबाहेर एक खड्डा होता. हजार उजेड न उघडलेलं दार तिने उचलून त्यात लोटायचं. तिथे ते तीस उजेड पडून राही, मग खड्ड्याचा तळ उघडे, आणि पुढे काय होई हे कुणी विचारत नसे. सुपडी कामाला चोख होती. कुणाला कधी टाकायचं ते चिटणीस सांगे, ती टाकी. चिटणिसाकडे सगळ्या पाट्यांची नोंदवही होती आणि तिच्याबाहेर जगात काही असतं, हे त्याच्या गावीही नव्हतं.

अगदी आतल्या गल्लीत एक दार होतं. त्याला धड नावही नव्हतं. ‘नवीन ४’ एवढंच. शेजारपाजारची दारं तिथून केव्हाच हलली होती, कारण त्या दाराला कान लावला की आत कुणीतरी बोलण्याआधीचा श्वास घेताना ऐकू येई. एकदा झाडताना सुपडीचा धक्का लागून ते किलकिलं झालं आणि आतून एका बाईचा आवाज आला.

“झालं का गं चालू? बरं. काही नाही, जेवायला ये म्हणत होते. आणि बंद कर ते आता, आमटी गार होतेय.” मग थोडं हसू, मग शांतता.

सुपडीने घाबरत पुन्हा ढकलून पाहिलं. तेच शब्द, तोच श्वास, हसू नेमकं त्याच जागी. आत्ताच कुणीतरी येऊन गेलं, याची आवाजाला खबरच नव्हती. सुपडीच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती केर तिथेच टाकून पळाली, आणि गल्लीचं त्या बाजूचं टोक झाडायला पुढे कितीतरी उजेड धजली नाही.

एक गोष्ट मात्र तिने लांबून पाहिली होती. अधूनमधून हात त्या गल्लीत येई. बाकीची दारं ओलांडून थेट त्या दारावर त्याची सावली पडे. सावली थरथरे, बराच वेळ तिथेच थांबे आणि न उघडताच निघून जाई. सुपडीला वाटे, चला, म्हणजे हातालाही या भुताची भीती वाटते तर! पाटीवर काही चढत नसे. नोंदवहीत सावलीसाठी रकाना नव्हता.

हजारावा उजेड आला.

“सुपडे, ‘नवीन ४’ उचल,” चिटणीस म्हणाला.

“अहो चिटणीस, तिथे हात येतो...”

“उघडतो का?”

“उघडत नाही.”

“मग विषय संपला.”

खरं सांगायचं तर सुपडीला हायसंच वाटलं. तिने डोळे मिटून ते दार उचललं आणि खड्ड्यात लोटलं. पडता पडता ते किलकिलं झालं. “जेवायला ये...” एवढंच ऐकू आलं.

त्यानंतर दहाव्या उजेडात हात आला. सावली आतल्या गल्लीत गेली आणि दार नव्हतं तिथे थबकली. मग ती जी धावत सुटली! ही गल्ली, ती गल्ली, पुन्हा तीच गल्ली. चित्रांची दारं उघडली, पत्रांची उघडली, धाडधाड आपटली. शेवटी ती मोकळ्या जागेवर परत आली आणि तिथेच बसून राहिली. सुपडीने ते पाहिलं आणि तिला उमगलं. हाताला वाटत होती ती भुताची भीती नव्हतीच. आपण हे काय करून बसलो!

खड्ड्यातलं परत आणायचा हक्क फक्त हाताला होता, आणि खड्डा कुठे आहे हे हाताला ठाऊकच नव्हतं. आजवर तिकडे जायची त्याला गरजच पडली नव्हती. सुपडीने बोटांवर मोजलं: वीस उजेड उरले होते.

राज्य अडलं की हात उपायांचा एक कागद काढी, हे तिने ऐकलं होतं. पहिला उपाय, सगळ्यांना झोपवून उठवणं. दुसरा, खड्डा रिकामा करणं. तिसरा, रस्त्यात बसून राहिलेल्याला राज्याबाहेर फेकणं. पहिल्यानेच भागत असल्यामुळे दुसऱ्यापर्यंत कुणी कधी गेलं नव्हतं.

सुपडी आधी खड्ड्यात उतरली. उपसत उपसत तिने ते दार ढिगाच्या अगदी वर आणून ठेवलं. मग ती भर चौकात आली, झाडू खाली ठेवला आणि बसली. जन्मात पहिल्यांदा.

मागून येणारे अडले, त्यांच्या मागचे अडले. काचेवर एक चक्र गरगर फिरू लागलं. हाताने वाट पाहिली, मग आकाश विझलं. उजळलं तेव्हा सगळे ताजेतवाने उठले, आणि सुपडी पुन्हा जाऊन चौकात बसली.

“अगं ऊठ!” चिटणिसाचा आवाज फुटला. “तुला उचलून फेकतील! कुणासाठी चाललंय हे? त्या भुतासाठी?”

“फेकू देत,” सुपडी म्हणाली. ती उठली नाही.

मग दुसऱ्या उपायासाठी कागद पाहत पाहत सावली वेशीबाहेर गेली. खड्ड्यावर एक फलक उभा राहिला: सगळं कायमचं टाकायचं? हो. नको. सावली सरळ ‘हो’वर गेली.

बोट टेकणार तोच थांबलं. ढिगाच्या वरचं नाव त्याने वाचलं असावं. ‘नको’वर बोट टेकलं, फलक मिटला, आणि ते दार अलगद उचललं जाऊन आतल्या गल्लीत आपल्या जागी उभं राहिलं. चौकात चक्र अजून फिरतच होतं. तिसऱ्या उपायाची कुणाला आठवण राहिली नव्हती.

सावली दारावर पडली. थरथरली. आणि हजारावर काही उजेड लोटल्यानंतर हाताने ते दार उघडलं.

“झालं का गं चालू? बरं. काही नाही, जेवायला ये म्हणत होते. आणि बंद कर ते आता, आमटी गार होतेय.”

आकाशावर बाहेरून एक थेंब पडला. तो जिथे पडला, तिथला उजेड फुटून लाल, हिरवे, निळे ठिपके दिसू लागले. मग शेजारी दुसरा पडला. एक बोट आलं, त्याने काच पुसली, आणि दार पुन्हा पहिल्यापासून उघडलं.