उशिरा हललेलं निशाण

फार फार वर्षांपूर्वी, डोंगरावरून डोंगरावर हाक पोचायची पण माणूस पोचायचा नाही, त्या काळातली ही गोष्ट. मधल्या दऱ्या खोल होत्या. त्यांच्यावरचे झुलते पूल एका वादळात सगळेच तुटले आणि एकेक गाव आपापल्या डोंगरावर अडकून पडलं. खाली रानातून एक वाट होती, पण ती उभ्या कड्यांची. धडधाकट माणसाचीही तिथं दमछाक व्हायची.

राजाकडे सुतार थोडे. चार महिन्यांत एकच पूल होईल, असं त्यानं कळवलं. लगेच भांडणं लागली, आधी आमचा, आधी आमचा. राजा वैतागला आणि म्हणाला, "तुम्ही सगळे बुद्धिबळाचे वेडे. मग खेळा. जिंकेल त्याचा पूल आधी." राजेलोकांना असले उपाय बसल्या जागी सुचतात.

आता दरीपलीकडच्याशी खेळायचं कसं? तर प्रत्येक गावानं आपापला पट मांडला. खेळाडूनं खेळी सांगायची, निशाणवाल्यानं माथ्यावर चढून रंगीत निशाणं हलवायची आणि पलीकडच्यांनी ती पाहून आपल्या पटावर तीच सोंगटी सरकवायची. विचाराला वेळ ठरलेला होता. भोक पाडलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडायची आणि ती बुडायच्या आत खेळी सांगावी लागे. निशाणवाल्याच्या चढणीचा वेळ मात्र कुणी धरत नसे. जो हरेल त्याच्या गावाचा झेंडा उतरायचा आणि ते गाव स्पर्धेबाहेर.

एका गावानं पटावर बसवलं येसाजीला. त्याची एकुलती मुलगी सोनाई लग्न होऊन समोरच्याच डोंगरावर गेली आणि मागोमाग वादळ आलं. आता तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हावं म्हणून ती डोळे लावून बसली होती. येसाजीचा एक पाय लहानपणापासून अधू, रानातली वाट त्याच्यासाठी नव्हतीच. पूल झाला तरच लेक घरी येणार होती.

येसाजीचा खेळ साधा होता. पटावर दिसेल ते पाहायचं, त्यातलं चांगलं असेल ते खेळायचं. एकेका गावाचा झेंडा उतरत गेला आणि शेवटी दोनच उरले. येसाजीचा, आणि लांबच्या एका डोंगरावरच्या धर्माजीचा.

धर्माजीला कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याचं निशाण मात्र फार उशिरा हलायचं. येसाजी खेळी सांगून मोकळा व्हायचा आणि मग नुसती वाट पाहणं. तो उठायचा, ओट्यावर जायचा, परत येऊन बसायचा. लोक कुजबुजायला लागले. "फार खोल डोक्याचा आहे म्हणे तो." "मुद्दाम तंगवतो." येसाजीचं पटावरून लक्ष उडालं. तो पटाऐवजी डोंगराकडेच बघायला लागला.

अशात धर्माजीची एक खेळी आली, नेहमीपेक्षाही उशिरा. त्यानं आपला हत्ती अशा घरात आणला होता, जिथं त्याला कुणाचाच आधार नव्हता. येसाजीचा उंट त्याला सरळ मारू शकत होता.

येसाजीची बायको राहीबाई वाटीवर लक्ष ठेवून बसली होती. बघून बघून तिलाही खेळ कळायला लागला होता. ती म्हणाली, "अहो, हत्ती फुकट उभा आहे. घ्या की."

"फुकट कोण देतं? एवढा वेळ लावून तो असा हत्ती टाकेल? काहीतरी सापळा आहे."

"मला तरी सापळा दिसत नाही. तुम्हाला दिसतोय?"

"दिसत नाही, तेच तर वाईट."

वाटी बुडत चालली. शेवटी त्यानं हत्तीला हातही लावला नाही. राजालाच कोपऱ्यात, आपल्या प्याद्यांच्या आड नेऊन लपवलं, आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

पलीकडून निशाण हललं. तोच हत्ती मोकळ्या पट्टीतून थेट खाली उतरला आणि राजाला शह बसला. राजाला पळायला जागा नव्हती, वाट अडवून त्याचीच प्यादी उभी होती. मात झाली आणि झेंडा उतरला.

पूल धर्माजीच्या गावाला गेला. सोनाई सासरीच बाळंत झाली. मुलगा झाल्याचं निशाणांवरूनच कळलं. त्या दिवशी राहीबाईनं चूल पेटवली नाही.

बाकीच्या पुलांचा क्रम राजानं चिठ्ठ्या टाकून लावला. येसाजीच्या गावाची पाळी आली, तोवर वर्षं उलटली होती. नवा पूल पाहायला दूरदूरची माणसं आली, त्यांत धर्माजीही होता. गुबगुबीत, हसरा माणूस. येसाजीनं त्याला बाजूला घेतलं आणि इतके दिवस छळणारा प्रश्न विचारला, "त्या हत्तीमागं सापळा काय होता हो?"

"कसला सापळा? चुकून आणला मी तो तिथं. खेळी सांगितली आणि मग लक्षात आलं. मी तर पट आवरायलाच घेतला होता."

"मग निशाण एवढ्या उशिरा का?"

"आमचा निशाणवाला पायानं अधू आहे. थोडं चढतो, बसतो, परत चढतो. उशीर व्हायचाच."

येसाजीनं खाली आपल्या पायाकडे पाहिलं. राहीबाई शेजारीच उभी होती. ती पुलाकडे चालायला लागली.

दोघं पूल ओलांडून लेकीच्या अंगणात आली. नातू आता चांगला धावत होता. येसाजीनं दोन्ही हात पुढे केले. पोरानं त्या अनोळखी माणसाकडे एकदा पाहिलं आणि आईच्या पदराआड जाऊन लपलं.

सोनाई म्हणाली, "अरे, आजोबा आहेत तुझे. भितोस काय?"

"राहू दे, पोरी," येसाजी म्हणाला. "कधी न पाहिलेल्या माणसाला तो भिणारच. तो लहान आहे. मी तर म्हातारा होतो."

तात्पर्य: जे समोर दिसतं त्यावरून खेळी ठरवावी, न दिसणाऱ्याच्या मनातलं भय रंगवत बसलं, की हातातली चांगली खेळी निसटते.