चोराने दाखवलेलं भोक

खाडीच्या काठी एका गावात बांधाचा एक राखणदार राहत होता. भरतीचं खारं पाणी भातशेतात शिरू नये म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातला होता, आणि खेकडे त्याला रोज भोकं पाडत. कुठल्या भोकासाठी ढोल वाजवायचा आणि कुठलं आपणच चिखल लावून बुजवायचं, हे राखणदाराने ठरवायचं. ढोल वाजला की सगळा गाव हातातलं काम टाकून फावडी घेऊन धावे.

राखणदार स्वभावाने भारी संशयी. भोक बघण्याआधी तो दाखवणाऱ्याचं तोंड बघे. पाटलांनी सांगितलं की लगेच ढोल. पाटलांचं भोक मूठ जाईल एवढं मोठं असे, पण वीतभर आत जाऊन संपलेलं असे. माणसं ते बुजवत आणि कुरकुरत घरी जात.

एकदा उधाणाच्या दिवशी सकाळी गावातला मासेचोर त्याच्याकडे आला.

"वरच्या टोकाला, तुमच्या शेताजवळ बांधाला भोक पडलंय," तो म्हणाला. "बोटाएवढंच आहे, पण आतल्या बाजूला ओल आलीय. दुपारच्या भरतीआधी माणसं बोलवा."

राखणदाराच्या मनात पाल चुकचुकली. याला बांधाची काळजी कधीपासून? खालच्या टोकाला, पाणी सोडायच्या दारापाशी, गावाचं मासे धरायचं जाळं होतं. सगळे वर गेले की खाली याला रान मोकळं. "बघतो," एवढंच म्हणून त्याने चोराला वाटेला लावलं. ढोल खुंटीवरच राहिला, आणि हा जाळ्याजवळच्या झुडपात दबा धरून बसला.

भरती चढू लागली. बराच वेळ कोणी फिरकलं नाही, तरी गडी हलला नाही. शेवटी चोर आलाच. इकडेतिकडे बघून त्याने जाळ्यात हात घातला, तशी राखणदाराने त्याची मानगूट धरली. आपला संशय खरा ठरल्याचा त्याला एवढा आनंद झाला, की वरच्या टोकाकडची ओरड त्याला आधी ऐकूच आली नाही.

बांध फुटला होता. पाणी आधी त्याच्याच शेतात शिरलं, मग शेजाऱ्यांच्या. पोटरीला आलेलं भात खाऱ्या पाण्याखाली गेलं. राखणदार चोराला तसाच ओढत तिकडे धावला.

"मासे चोरायला आलो, हे खरं," चोर म्हणाला. "पण भोकाचं खोटं सांगितलं नव्हतं. मीही याच गावचा भात खातो."

त्या वर्षी गावाने बाहेरून आणलेला तांदूळ शिजवला. 

संशय काही राखणदाराने सोडला नाही. मात्र आता कोणीही भोक दाखवलं, की ओहोटीच्या वेळी तो त्या भोकाला गवताची धुरी देई, उंदराच्या बिळाला देतात तशी. पलीकडून धूर निघाला तर ढोल. नाहीतर मुकाट्याने चिखल. पाटील गाल फुगवून बसले. त्याने बसू दिलं.

पुढच्या वर्षीच्या उधाणाला चोर पुन्हा आला, पुन्हा एका बारीकशा भोकाची खबर घेऊन. राखणदाराने त्याला नखशिखांत न्याहाळलं. मग गवताची पेंढी उचलून तो निमूटपणे त्याच्याबरोबर निघाला. जाळ्यापाशी मात्र बायकोला बसवून गेला. थोड्या वेळाने बांधाच्या पलीकडून धूर निघाला आणि गावात ढोल घुमला. त्या वर्षी भात घरात आलं.

तात्पर्य: सांगणारा चोर असला म्हणून भोक खोटं ठरत नाही; संशय घ्यायचाच, तर आधी भोकाचा घ्यावा.