हिवाळेबाईंचा तास

"पण बाई, मग या इंग्रजीला आता वाली कोण?"

घळसासी सर तावातावानं विचारत होते. हिवाळेबाई मटार सोलत होत्या. नगरच्या मिशन कंपाउंडमधल्या आपल्या घराच्या ओट्यावर, कोवळ्या उन्हात पाय पसरून.

बाईंनी जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं आणि घळसासी त्यांचे लाडके विद्यार्थी. पुढे तेही कॉलेजात इंग्रजीचे प्राध्यापक झाले, यथावकाश निवृत्त झाले. त्यांचं लाल पेन मात्र काही निवृत्त झालं नाही. हॉटेलचं मेनूकार्ड असो की लग्नाची पत्रिका, चूक दिसली की सरांचा हात खिशाकडे गेलाच.

"बातम्या देणारे तोंडाला येईल ते बोलतात. माझ्या हाताखाली एम. ए. झालेली पोरं अर्धे शब्द गिळून अर्ज लिहितात. लाज म्हणून नाही कुणाला!"

"हं," बाई म्हणाल्या.

"तुमच्या वर्गात होती का कुणाची हिंमत? रजेवरून आलं तरी उभं राहून कारण इंग्रजीतच सांगायचं, मगच खाली बसायचं."

"तसं होतं खरं." बाईंनी एक शेंग उकलली. "तुझी नात कशी आहे रे? इरावती?"

सरांचा ताव ओसरला.

"पुण्याला होस्टेलवर आहे. बरी आहे म्हणतात. आईशी बोलते. माझ्याशी नाही बोलत."

"का?"

"मेसेज आला होता तिचा. इंग्रजी असं, की वाचवेना. मी नेहमीसारखा नीट करून परत पाठवला." सरांचा आवाज उतरला. "त्यावर तिनं 'ओके'मधलं नुसतं 'के' एवढंच लिहिलं. तेव्हापासून अबोला. दिवाळीला आली, तर माझ्या खोलीत पाऊलही टाकलं नाही. बाई, माझ्या मांडीवर वाढलेली पोर ती..."

"काय लिहिलं होतं तिनं?"

"एक वाक्य धड नाही. क्रियापदाचा पत्ता नाही, मध्येच मराठी..."

"कसं लिहिलं ते नाही विचारलं. काय लिहिलं?"

सरांनी घसा साफ केला. "माय एक्झामिनेशन डिड नॉट गो वेल..."

"हे तुझं झालं. तिचं सांग."

"तसलं मला नाही बोलता येणार, बाई."

"उभा राहा."

सत्तरी ओलांडलेले घळसासी सर निमूट उभे राहिले. हात आपसूक पाठीमागे गेले. मोठमोठी भाषणं ठोकलेल्या माणसाच्या तोंडून चार शब्द फुटेनात.

"आबा," ते शेवटी म्हणाले, "पेपरची टोटल वाट. आय नॉट ओके. यू फ्री? कॉल ना."

बाईंचे हात थांबले.

"पुन्हा."

"आबा... आय नॉट ओके..." पुढचं सरांना बोलवेना. डोळ्यांनी कितीदा तरी वाचलेलं ते आज पहिल्यांदा त्यांच्या कानांवर पडलं होतं. पोरीनं हाक मारली होती आणि आपण तिला तिचीच हाक सुधारून परत पाठवली. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

बाईंनी ओट्यावर ठेवलेला सरांचाच फोन त्यांच्याकडे सरकवला.

घंटी वाजत राहिली. उचलणार नाही ती, सरांनी मनाशी धरूनच टाकलं.

"आबा?"

"इरू, मी फ्री आहे," ते कसेबसे म्हणाले.

पलीकडे बांधच फुटला. पेपर, मॅडम, रूममेट, मेसमधली पातळ आमटी, सगळं एका दमात. "अँड आय वॉज सो मच क्राइंग, आबा, टू मच ओन्ली..."

सरांची जीभ सवयीनं वळवळली. तोंड उघडलंच, तेवढ्यात बाईंनी मूठभर मटार त्यात कोंबले.

सर मुकाट्यानं चावत राहिले. इरावती बोलत राहिली, थोडी रडली, नाक ओढलं.

"आबा, तुम्ही आज काहीच कसं म्हणत नाही? आणि काय खाताय?"

"मटार," सर म्हणाले.

ती खळखळून हसली. शनिवारी येते म्हणाली, रात्री तुमच्याच खोलीत गप्पा मारू म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा सरांच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. एकीकडे डोळे पुसत होते, एकीकडे हसत होते. बऱ्याच दिवसांनी त्यांना सपाटून भूक लागली. बाईंच्या पातेल्यातले आणखी थोडे मटार त्यांनी न विचारता उचलले.

"पण बाई, खरं सांगा. तुम्ही तरी कधी माझी एक चूक सोडलीत का?"

बाईंनी शेवटची शेंग हातात घेतली, पण उकलली नाही.

"तुझी आई गेली, त्यानंतर तू शाळेत आलास. डोक्याचा गोटा केलेला. रजेचं कारण सांगायला वर्गात उभा राहिलास. काय म्हणालास, आठवतं?"

सरांचे हात पुन्हा पाठीमागे गेले.

"माय मदर इज नो."

"हं," बाई म्हणाल्या. "ते तपासायचं राहिलंय अजून."