झिजलेलं मुसळ आणि जोशाची वही

फार पूर्वी, कोकणातल्या एका आडबाजूच्या गावात एक जोशी राहत होता. त्याच्याकडे पणजोबांपासून चालत आलेली एक वही होती. ग्रहण कधी लागणार, सूर्याचा केवढा घास जाणार, सगळं तिच्यात लिहिलेलं. एक ग्रहण अठरा वर्षं अकरा दिवसांनी फिरून येतं, पण दर खेपेला वीस घटका, म्हणजे दिवसाचा तिसरा हिस्सा, उशिरा येतं, म्हणून ते दुसऱ्याच मुलखावर पडतं. असे तीन फेरे झाले, की चौपन्न वर्षं आणि महिनाभराने ते परत आपल्या डोक्यावर. जोशाला हे पाठ होतं. गावाला मात्र त्याने याचा वाससुद्धा लागू दिला नव्हता. ग्रहण आपल्या ठरल्या वेळी येतं नि जातं हे लोकांना कळलं, तर ग्रहणाचं दान म्हणून दारात भात कोण आणून घालणार?

गावाची एक रीत होती. जोशाने शंख फुंकला की घरोघरी परातीत पाणी घालून त्यात मुसळ उभं करायचं. ग्रहण सुटेपर्यंत ते उभं राहिलं तर ठीक. ज्या घरचं पडलं, त्या घरच्या बाईनेच सूर्याला ग्रहण लावलं असं धरायचे आणि तिला सव्वा महिना व्हाळापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, रानात घालवून द्यायचे. तिला कुणी घासभर अन्न द्यायचं नाही की आसरा द्यायचा नाही. काय म्हणावं याला! मुसळाला अक्कल नसते, माणसांना तरी असावी.

जोशाच्या तरुणपणी एकदा खंडग्रास ग्रहण लागलं. भाकरीचा चतकोर मोडावा तेवढाच सूर्य गेला. घरोघरची मुसळं उभी राहिली. आवडी नावाच्या विधवेचं मात्र तीनदा उभं केलं आणि तीनदा पडलं.

आवडी लोकांचं भात कांडून पोट भरायची. खोताने, म्हणजे गावच्या मुख्याने, तिला बोलावून घेतलं. ती रडली नाही, की कुणाच्या पाया पडली नाही. तिने मुसळ उलटं करून बूड दाखवलं.

"सगळ्या गावाचं भात कांडून हे गोल झालंय. उभं कसं राहील?" मग ती जोशाकडे वळली. "बुवा, तुमच्या वहीत असेल. हे ग्रहण येणारच होतं की मी आणलं, तेवढं एक सांगा."

सगळं गाव जोशाच्या तोंडाकडे बघत राहिलं. 'येणारच होतं' एवढं म्हटलं असतं तर बाई वाचली असती. पण मग वहीचं गुपित फुटलं असतं.

जोशी म्हणाला, "शास्त्र गहन आहे. रीतीप्रमाणे करावं."

आवडीला व्हाळापलीकडे घालवली. नवव्या दिवशी गुराख्यांना ती सापडली, तेव्हा ओळख पटायला फक्त लुगडं उरलं होतं.

त्याने गाव असं हादरलं, की पुढच्या ग्रहणांना जोशाच्या दारात भाताचे ढीग लागू लागले. कांडणारी तर राहिली नव्हती. मग जोशाच्या घरच्या बायकाच कांडत बसल्या. आधी बायको, मग सून, आणि त्या दोघी वारल्यावर आईवेगळी नात वेणू. मधल्या ग्रहणांत गावातल्या आणखी दोघींना रानात घालवलं, त्याही परतल्या नाहीत. दोन्ही वेळा जोशाने मिठाची गुळणी धरली. आणि मुसळाच्या बुडाकडे तर त्याने जन्मात कधी पाहिलं नाही, ते काय पुरुषांचं काम!

चौपन्न वर्षं आणि एक महिना सरला. जोशी ऐंशीला टेकला होता. तेच ग्रहण फिरून आलं. या खेपेला घास आणखी लहान होता, जेमतेम बोटभर. शंख वाजला नसता तर शेतातल्या माणसाला कळलंही नसतं. पण आयत्या भाताची सवय वाईट. जोशाने शंख फुंकला.

थोड्या वेळाने त्याच्याच घरात मुसळ पडल्याचा आवाज आला. वेणूने ते पुन्हा उभं केलं, ते पुन्हा पडलं. दारातून शेजारणी बघत होत्या.

जोशी वही छातीशी धरून खोताकडे धावला. जुना खोत जाऊन आता त्याचा मुलगा खोत झाला होता. जोशाने पान उघडून दाखवलं. हे चौपन्न वर्षांपूर्वीचंच ग्रहण आहे, ते येणारच होतं, पोरीने काही केलेलं नाही, असं तो हात जोडून पुन्हा पुन्हा सांगत राहिला. खोताने सगळं ऐकून घेतलं.

"बुवा, मग आवडीच्या वेळी का बोलला नाहीत?"

जोशी वहीचं पान पुन्हा पुढे करू लागला.

"आज तुमचं खरं मानायचं, तर त्या तिघींना आपणच मारलं असं होतं," खोत म्हणाला. "गाव ते कसं मानेल? त्यापेक्षा तुमची वही खोटी मानणं सोपं आहे."

वेणू पंधरा वर्षांची होती. निघताना तिने एवढंच विचारलं, "आजोबा, तुम्हाला ठाऊक होतं?" म्हाताऱ्याने मान खाली घातली. तो तिच्यामागे व्हाळापर्यंत गेला, पण राखणीच्या माणसांनी त्याला अडवलं. रीतीप्रमाणे करा असं तुम्हीच सांगत आलात, म्हणाले. पोर एकटीच पलीकडे गेली.

सूर्य दोन घटकांत पुरा झाला होता. वेणू सव्वा महिन्यानंतरही आली नाही. म्हातारा रोज व्हाळाकाठी जाऊन बसायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वहीचं ते पान उघडून दाखवायचा. लोक वळसा घालून पुढे जायचे.

तात्पर्य: दुसऱ्याचा जीव वाचवायच्या वेळी जो खरं गिळून बसतो, त्याचं खरं त्याच्या स्वतःच्या वेळी कुणी ऐकत नाही.