हात कुठं सोडायचा

एका गावात एक भोळा किराणा दुकानदार होता. दुसऱ्याच्या खुळेपणाची गोष्ट सांगायला मला आवडलं असतं, पण तो दुकानदार मीच. शाळा दोन यत्ता. बाकीची विद्या तागडीवर शिकलो. गिऱ्हाईक पावशेर म्हणालं की पावशेर. दाणा कमी नाही, दाणा जास्त नाही.

माझी नात गौरा दुसरीत. तिला शाळेच्या रिक्षातून जायचं नव्हतं. रिक्षात चौदा पोरं, आणि गौरा कायम कुणाच्या तरी दप्तराखाली. ती हटून बसली, "मी अप्पांबरोबर चालत जाणार!"

सून कल्याणी म्हणाली, "चार दिवस बघते. जमलं तर ठीक, नाहीतर पुन्हा रिक्षा."

पहिल्या दिवशी तिनं बजावलं, "अप्पा, हात सोडायचा नाही."

नाही सोडला. शाळा आली, वर्ग आला, बाक आला. बाई म्हणाल्या, "आजोबा, सोडा आता."

"सूनबाईंचा हुकूम आहे."

दुपारपर्यंत दुसरीत बसलो. गौराचा लिहायचा हात माझ्या हातात, त्यामुळं तिची वही कोरी. सातचा पाढा मात्र मी बिनचूक म्हटला.

कल्याणीनं कपाळावर हात मारला. "अप्पा, फाटक आलं की हात सोडायचा!"

दुसऱ्या दिवशी वाटेत फाटक आलं. सोडला.

गौरा म्हणाली, "अप्पा, इथं बैल आहेत."

"फाटक आहे ना?"

"आहे."

"मग झालं."

बैलबाजाराचं फाटक होतं ते. मी दुकान उघडलं. तासाभरानं तिथला एक दलाल गौराला घेऊन आला. म्हणाला, "शेठ, ही तुमची का? चार जणांना बैलाचे दात बघून वय सांगितलं हिनं. तीन बरोबर निघाले."

कल्याणी म्हणाली, "फाटक शाळेचं, अप्पा! शाळेचं! आणि मोठ्या रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर असतात. तिथं हात वर करा. गाडी थांबली की मगच पुढं व्हा."

तिसऱ्या दिवशी मोठ्या रस्त्यावर हात वर केला. गाडी थांबली. एसटी होती. दार उघडून कंडक्टर ओरडला, "चला, चला, लवकर!"

गाडी थांबली होती. आम्ही पुढं झालो. तालुक्याला उतरलो.

परत आलो तेव्हा शाळा सुटली होती. गौराला खिडकी मिळाली होती, ती खूश होती. कल्याणी मात्र खूश नव्हती.

"तो चला म्हणाला आणि तुम्ही चढलात?"

"हो."

"अनोळखी माणूस चला म्हणाला तर जायचं नसतं! जागचं हलायचं नाही. मोठ्यानं ओरडायचं. गौरा, तूही ऐक."

गौरा म्हणाली, "मला माहितीये, आई. हे अप्पांना सांग."

चौथा दिवस. आज चुकलो की रिक्षा. गौरा म्हणाली, "अप्पा, आज मी सांगते तसं करा." तिनं माझा हात धरला. बैलबाजाराचं फाटक आलं, सोडला नाही. मोठ्या रस्त्यावर दोन्हीकडं बघितलं, ट्रॅक्टर थांबवला, मला पलीकडं नेलं. शाळेच्या फाटकाशी हात सोडला आणि आत गेली.

जमलं! मी तिथंच उभा राहून मिशीला पीळ देत होतो. एवढ्यात एक स्कूटर थांबली. वर एक बाई. तोंडाला स्कार्फ, डोळ्यांना काळा चष्मा.

"चला, अप्पा. बसा मागं."

आवाज ओळखीचा वाटला. पण आवाजावर माल घ्यायचा नसतो, उघडून बघायचा असतो. मी जागचा हललो नाही. ओरडलो, "धावा! मला पळवून न्यायला आलीय!"

वर्ग रिकामे झाले. गौराच्या बाई छडी घेऊन आल्या. बैलबाजारातले दलाल दोर घेऊन आले. स्कूटरला वेढा पडला, तेव्हा स्कूटरवालीनं स्कार्फ सोडला.

कल्याणी होती. दुकानाच्या किल्ल्या घरी राहिल्या होत्या, त्या घेऊन आली होती.

घरी तिनं निकाल दिला. "गौरा चालतच जाईल. तिला सगळं येतं."

मी म्हणालो, "मग रिक्षा बंद?"

"छे. जागा मोकळी झालीय ना एक?"

आता रोज सकाळी गौरा दोन्हीकडं बघून शाळेत चालत जाते, आणि मी दुकानात जातो रिक्षातून. तेरा पोरांच्या मध्ये, दोन दप्तरांच्या खाली, शेजारच्या पोराचा हात धरून. दुकान आलं की रिक्षावाला हाक मारतो, "अप्पा, उतरा. आता हात सोडा."