पाणसळीत बसवलेलं टेबल

"वस्ताद, सगळं होतं तसंच बसवलंय की ओ... मग ह्यात जीव का न्हाई?"

एवढं विचारून धैर्यशील टेबलाकडं बघत उभा राहिला.

हिंदुराव वस्तादांना त्यानं मुद्दाम गाडी पाठवून बंगल्यावर आणलं होतं. वस्ताद थकलेले, नजर अधू. पण कोल्हापुरात त्यांच्या तालमीत वाढलेला गडी कितीही मोठा होवो, त्यांच्यापुढं पोरगाच. धैर्यशील आता फाउंड्रीचा मालक, साठी ओलांडलेला. पण वस्ताद बसल्याशिवाय काही तो बसला नाही.

टेबल तालमीतलंच, जुनं, फुटबॉलचं. लाकडी पेटी, तिच्या आरपार सळया, सळयांवर ओवलेले लाकडी खेळाडू. मूठ फिरवली की लाथ बसायची. तालमीनं ते भंगारात काढलं, तसं धैर्यशीलनं धावत जाऊन उचललं.

"काय काय केलंस?" वस्तादांनी विचारलं.

"रंग होता तोच दिला. सळया आपल्या कारखान्यात घासून घेतल्या. खेळाडू एक बदलला न्हाई. बॉलसुद्धा जुनाच."

"आणि?"

"आणि काय... मूठ धरतो, आणि मान वर करतो. समोर सर्जा न्हाई, वस्ताद."

सर्जेराव त्याचा जिवाभावाचा दोस्त. श्रावणात गेला, बसल्या जागी. पोरपणापासून पार लग्नं होऊन मुलं खेळायला लागेपर्यंत, दोघं रोज संध्याकाळी ह्या टेबलावर भिडायचे.

"लई हरवलं त्याला मी," धैर्यशील म्हणाला. डोळ्यांत पाणी होतं, तरी छाती जराशी पुढं आलीच. सवय, दुसरं काय! "सुरवातीला तोच जिंकायचा म्हणा. हरलो की मी रुसून घरी जायचो. आठ-आठ दिवस तालमीत फिरकायचो न्हाई. आमचे आबा गेले तवा तर महिनाभर आलो नव्हतो. मग आलो, आणि हात जो बसला माझा! पुन्हा कधी हार न्हाई. गडी मात्र हसत हरायचा."

"हसत हरायचा," वस्ताद म्हणाले.

मग उठले. टेबलाची कड चाचपत दुसऱ्या टोकाला गेले, गुडघ्यावर हात देत खाली बसले, पायावरून हात फिरवला. बोटं एका ठिकाणी थांबली.

"हा जोड कसला?"

"ते व्हय? ह्या बाजूचे दोन पाय बोटभर आखूड झालेले. कुजले असतील. सुताराकडनं तुकडे लावून घेतले. आता पाणसळ ठेवून बघा, केसभर फरक न्हाई."

"काढ."

"काय?"

"तुकडे काढ म्हणतोय."

वस्तादांपुढं बोलायची सोय नाही. पोट सांभाळत धैर्यशील फरशीवर बसला, स्क्रू पिळले, तुकडे काढले. टेबल धपकन त्या बाजूला बसलं.

"बॉल मधोमध ठेव."

ठेवला. हात काढला.

बॉल क्षणभर थांबला... आणि कुणी न ढकलता, खेळाडूंच्या पायांतून वाट काढत, सावकाश गोलात गेला. टक्.

तोच आवाज! ह्याच आवाजासाठी गडी इतके महिने झुरत होता. मग त्यानं तो गोल नीट बघितला, आणि तोंडावरचा रंगच उतरला.

"ही... सर्जाची बाजू."

त्यानं गोलात हात घालून बॉल बाहेर काढला.

"मी म्हणायचो कधी कधी, बदलू या बाजू. तर न्हाई म्हणायचा. हितनं वारा लागतो म्हणायचा, खिडकीचा..."

तो टेबलाला धरून उभा राहिला. बाहेर ड्रायव्हर गाडी पुसत होता, फडक्याचा आवाज तेवढा येत होता.

"म्हंजे मी... वस्ताद, खरं सांगा. त्याला हा उतार ठाऊक होता?"

वस्तादांनी आखूड पायाच्या सपाट कडेवरून अंगठा फिरवला. एकदा. पुन्हा एकदा.

"करवत माझ्याकडनंच नेली होती त्यानं."