पुन्हा सुरू

“शंभरातले शंभर मिळालेत मला. मग माझंच नाव का अडवलंय, सिस्टर?”

हर्षाली उभी होती, पण पाय काही जागेवर नव्हते. तिच्या बरोबरीच्या दोघी सकाळीच काचेच्या खोलीत कामाला लागल्या होत्या. कमी दिवसांची, मूठभर जिवाची बाळं तिथं श्वासाच्या मशीनवर असतात. हिला मात्र अजून बाहेर, कॉम्प्युटरपुढंच बसवलेलं. त्यात बाळ चित्रातलं, मशीनही चित्रातलं. नव्या नर्सनी आधी त्याच्यावर हात बसवायचा, मग आत जायचं.

एस्तर सिस्टर तीस वर्षं त्या खोलीत होत्या. कुणाला आत घ्यायचं ते त्याच ठरवायच्या. त्यांनी सावकाश चष्मा पुसला.

“या कॉम्प्युटरमधली किती बाळं गेली गं तुझ्या हातून?”

“एकही नाही!”

“अरेरे…”

हर्षालीच्या डोक्यात तिडीकच गेली. “अरेरे काय, सिस्टर? माझ्याबरोबरच्या त्या मंजुषाच्या हातून यातली चार गेली, चार! तिला बरं घेतलंत आत.”

“घेतलं.” सिस्टरनी खुर्चीकडं बोट केलं.

“बस. दाखव मला.”

हर्षाली धपकन बसली. मशीन ओरडायला लागलं. बाळाचा ऑक्सिजन उतरत होता. ऐंशी… सत्तर… तिनं एक बटण दाबलं, दुसरं दाबलं. आकडा उतरतच राहिला.

तिचं बोट आपसूक कोपऱ्यातल्या बटणाकडं गेलं. ‘पुन्हा सुरू.’ ते दाबलं की बाळ परत गुलाबी. आधीचं काही मार्कांत धरलं जात नाही. रोज ती असंच करायची.

एस्तर सिस्टरनी तिचं मनगट धरलं.

“सोडा ना! जाईल ते!”

“जाऊ दे.”

“अहो, पण…”

“चित्रच आहे की. बघ.”

साठ… चाळीस… हर्षालीनं खिडकीकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, स्वतःच्या चपलांकडं बघितलं. मनगट सुटेना. बाळ निळं पडलं. मग पडद्यावरची रेघ सरळ झाली, आणि एकच आवाज लांबच लांब येत राहिला.

सिस्टरनी हात सोडला. स्टूल ओढून त्या तिच्या समोर बसल्या. ओल्या बाळंतिणीसारखा एक हात पोटावर धरला. आवाजही वेगळाच झाला त्यांचा.

“मी बाहेर बाकावर बसले होते. मला आत बोलवलंय म्हणे.”

“सिस्टर, हे… हे कॉम्प्युटरमध्ये नाहीये.”

“झोपलंय का माझं बाळ?”

हर्षालीनं पडदा हातानं झाकला.

“दूध आणलंय मी काढून. थोडंच निघालं. चालेल ना?”

हर्षालीनं खुर्ची मागं सारली.

“मला… मला बाहेरच्याच वॉर्डात पाठवा, सिस्टर. मला नाही जायचं आत. भीती वाटायला लागलीय मला.”

एस्तर सिस्टर उठल्या. काचेचं दार त्यांनी उघडून धरलं.

“चल, हात धू.”